जुन्या डॉजचे पाटे

गाण्याच्या शिक्षकाने मोटारीच्या पाट्यांवर लेख लिहावा, ह्याचे काही वाचकांना नवल वाटेल. म्हणून आधीच सांगून टाकतो की मला गाडी चालवता येत नाही. परंतु गाडीच्या मागच्या भागाविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार मी कमावलेला आहे, आणि तो मागच्या आसनावर बसून. माझे वडील दरबारी गवयी. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले तेव्हा ते ऐन उमेदीत होते. दरबार गेला तरी बैठकी राहिल्या, आणि त्यांच्या उतारवयातला मुलगा म्हणून बैठकीला जाताना तंबोऱ्यांची जोडी मागच्या आसनावर आडवी घालून भोपळ्याखाली हात धरून बसण्याचे काम लहानपणीच माझ्याकडे आले. भोपळा म्हणजे वाळलेले फळ. वरून त्याला रोगण कितीही देखणे असो, खालून एक नेमका हिसका बसला की केसासारखी चीर जाते, आणि ती चीर तंबोरा छेडला की ऐकू येते. अँबॅसडर, फियाट, जीप ह्या तिन्हींना मागे पाटेच असत. कोणत्या गाडीचा पाटा खड्ड्यात कसा दबतो आणि दबल्यावर किती वेळ हेलकावत राहतो, हे मला त्या गाड्यांच्या मालकांपेक्षा बरे ठाऊक होते.

आता मूळ मुद्दा. निपाणीच्या एका जुन्या घरात डॉज डार्ट नावाची अमेरिकी गाडी आहे. १९६७ ची. मुंबईतल्या एका परदेशी कचेरीत ती आली, आणि पुढे अशा गाड्या सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात तशी विकली गेली. सुकाणू डावीकडे. डॉज हे नाव आपल्या मंडळींना परके नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि डॉजचे ट्रक तर घाटरस्त्यांना नित्याचेच होते. ही डार्ट मात्र कुर्ल्याची नव्हे. हिच्या बॉनेटखाली आठ सिलिंडरांचे, साडेचार लिटरांचे इंजिन आहे. अमेरिकेत ज्या गाड्यांना ‘मसल कार’ म्हणतात, म्हणजे मध्यम आकाराच्या अंगात दांडगे इंजिन, त्यांच्याच गोतावळ्यातली ही धाकटी बहीण. १९६४ साली पाँटिअ‍ॅकने जी.टी.ओ. ह्या गाडीत सुमारे ६.४ लिटरांचे इंजिन घातले तेव्हापासून ह्या प्रकाराला बरकत आली, असे मानतात.

घरातला नातू माझ्याकडे सहा वर्षे गाणे शिकला. आता पुण्यात इंजिनिअर आहे. त्याने आजोबांची ही गाडी बेळगावला, कॅम्पातल्या एका गॅरेजात नेऊन ठेवली आहे. मागचे पाटे काढून टाकावेत, त्याजागी गुंडाळी-स्प्रिंगा आणि चार दांड्यांची नवी मांडणी बसवावी, असा त्याचा बेत आहे. त्याचा सरंजाम अमेरिकेतून आणवण्याची बोलणीही झाली आहेत. वडिलांचा आणि चुलत्यांचा ह्याला विरोध. दोन्ही बाजूंनी मला मध्ये घातले, म्हणून मी दोनदा कॅम्पात जाऊन आलो, मिस्त्रींशी बोललो, गाडीखाली वाकून पाहिले. माझे मत बनले आहे, आणि ते एका घरापुरते नाही असे वाटते म्हणून इथे मांडतो. आपल्या भागातल्या बऱ्याच वाड्यांच्या पागांत आणि तंबाखूच्या वखारींत अजून अशा गाड्या ताडपत्रीखाली उभ्या आहेत, आणि त्यांची नातवंडे आता कमावती झाली आहेत.

प्रथम पाटे म्हणजे काय ते नीट पाहू. टांग्याला होते तेच हे. लंडनच्या ओबादाया इलियट नावाच्या गाडी-कारागिराने १८०४ च्या सुमारास लंबवर्तुळाकार पाट्यांची युक्ती काढली आणि घोडागाड्यांचा खडखडाट कमी झाला. मोटारीला पुढे अर्धी कमान पुरली. लांबट पोलादी पट्ट्या एकाखाली एक, वरची सर्वांत लांब, खालच्या आखूड होत गेलेल्या. मध्यभागी त्यांना आरपार एक बोल्ट. वरच्या पट्टीची दोन्ही टोके वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा गाडीच्या अंगाला पक्का, मागचा डोळा शॅकल नावाच्या झुलत्या कडीला. पाटा दबला की लांबतो, म्हणून ती कडी लागते. मध्ये मागचा आस यू-बोल्टांनी आवळलेला.

वरवर पाहता पाट्याचे काम एवढेच की वजन पेलावे आणि धक्का सोसावा. वास्तविक तो तीन कामे करतो. तो वजन पेलतो. तो आसाला पुढेमागे आणि आडवे सरकू देत नाही, कारण ह्या गाडीत आसाला धरून ठेवणारे दुसरे काहीच नाही. आणि तिसरे काम असे की इंजिन जेव्हा जोराने चाके फिरवते तेव्हा त्या फिरवण्याची उलट पीळ आसाला बसते, ती पीळही तोच सोसतो. इंजिन दांडगे असेल तर इथेच गाडी अडते. एकदम वेग दिला की आसाचे पुढचे नाक वर उचलू पाहते, पाटा सरळ कमान सोडून नागमोडी वळतो, मग चाक क्षणभर सुटते, पाटा मागे उसळतो, चाक पुन्हा धरते, पुन्हा सुटते. गाडी मागून आपटत, नाचत निघते. अमेरिकेतही ह्यावर पुष्कळ डोकेफोड झाली. शेवरोलेने १९६७ साली आपल्या कॅमॅरो गाडीला मागे एकेकच पट्टीचा पाटा दिला आणि जोरकस इंजिनांच्या गाड्या नाचू लागल्या. पुढच्याच वर्षी त्या जोरकस गाड्यांना अनेक पट्ट्यांचे पाटे दिले, आणि मागच्या दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बरांपैकी एक आसाच्या पुढे व एक मागे अशी तिरकी मांडणी केली. क्रायस्लर कंपनी, जिची ही डॉज, तिची युक्ती निराळी होती. तिने आस पाट्याच्या बरोबर मध्यावर न बसवता पुढे सरकवला. त्यामुळे पाट्याचा पुढचा भाग आखूड आणि ताठ झाला, आणि तो पिळाला विरोध करू लागला. शिवाय आसाच्या नाकावर रबराचा एक ठोकळा ठेवला, म्हणजे नाक वर आलेच तर ठोकळ्याला टेकेल. साध्या लोहारकामातली ही हुशारी आहे. मला ती फार आवडली.

नातवाचे म्हणणे काय, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तो म्हणाला, “गुरुजी, मला आजोबांची गाडी चालवायची आहे. तिची पूजा करायची असती तर वखारीतच राहू दिली असती.” ह्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. न छेडलेला तंबोरा मरतो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दर पावसाळ्यात सांगतो. त्याचे दुसरे म्हणणेही खोटे नव्हे. पुणे-बंगळूर रस्ता आता आजोबांच्या वेळचा राहिलेला नाही. निपाणीजवळचा तवंदी घाट मालमोटारींच्या रांगेतून उतरताना ही गाडी वळणावर बाहेर कलते, मागचा भाग अर्धा श्वास उशिरा येतो, आणि गाडीत बायको व लहान मूल असते. सुधारणेला माझा विरोध असण्याचे कारण नाही. अल्लादियाखाँसाहेब ज्या शाहू छत्रपतींच्या पदरी होते त्या गावात राहून मी तसे म्हणूही शकत नाही. आवाज बसल्यानंतर त्यांनी आपल्या गायकीची चालच नव्याने बांधली, आणि आज तीच चाल आपण जुनी व अस्सल म्हणून शिकवतो.

मग अडचण कुठे आहे? अडचण गुंडाळी-स्प्रिंगेत आहे. गुंडाळी-स्प्रिंग पाट्याच्या तीन कामांपैकी एकच काम करते. ती वजन पेलते. आसाला जागेवर धरणे तिला जमत नाही, पीळ सोसणेही जमत नाही. म्हणून तिच्याबरोबर दांड्या येतात, दोन खालच्या, दोन वरच्या, कधी एक आडवी. प्रत्येक दांडीचे एक टोक आसाला आणि एक टोक गाडीच्या अंगाला जोडायचे, म्हणजे वेल्डिंग आले. आणि ह्या डार्टला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. क्रायस्लरने १९६० पासून आपल्या बहुतेक गाड्या एकसंध अंगाच्या केल्या, ही त्यांतलीच. पत्र्याच्या दुमडलेल्या पेट्या हेच तिचे हाडवैर. त्यातून सत्तावन-अठ्ठावन्न पावसाळे गेलेले.

मिस्त्रींनी मला गाडीखाली बॅटरीचा उजेड पाडून एक गोष्ट दाखवली, ती मला कोणत्याही पुस्तकात इतकी स्पष्ट सापडली नसती. हे गृहस्थ साठीच्या पुढचे आहेत. मराठी, कानडी आणि दखनी एकाच वाक्यात बोलतात, आणि लष्करी गाड्यांवर हात बसलेल्या वडिलांपाशी शिकलेले आहेत. ते म्हणाले, “बुवा, पाट्याच्या गाडीत वजन बसतं ते ह्या दोन टोकांना. कंपनीनं पत्रा इथंच जाड केलाय. शॉकला वर जिथं धरलंय तिथं नुसता शॉक धरायचा होता, गाडी नव्हे. आता तिथं स्प्रिंग आली की सगळी गाडी तिथं बसणार. मग ते वजन कुठं जायचं, आधी ते सांगा की.” म्हणजे नवी मांडणी करायची तर डिकीच्या खाली आडवी पोलादी तुळई घालावी लागणार, तिच्यासाठी पत्रा कापावा लागणार, मागच्या आसनाखालीही कापावा लागणार. हे काम कॅम्पात उत्तम होईल ह्यात मला शंका नाही. ज्या गावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर केले, जिथे आज ओतशाळा आणि हायड्रॉलिकचे कारखाने आहेत, तिथे हाताची उणीव नाही. पण उत्तम झाले तरी ते परत फिरवता येणार नाही. कापलेला पत्रा शिवता येत नाही.

माझ्या मते सारा वाद इथे येऊन थांबतो. जी सुधारणा पान्याने बसते आणि पान्याने निघते ती हवी तेवढी करावी. जिला गॅसकटर लागतो तिच्यापाशी थांबावे.

हा नियम मी मिरजेत शिकलो. मिरजेच्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना पाणी देणारे. तलवारींचा काळ सरला तेव्हा त्या घरांतला हात तंतुवाद्यांकडे वळला, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांच्या दुकानात माझ्या वडिलांचा तंबोरा किती वेळा गेला असेल ह्याची गणती नाही. जवारी दर काही महिन्यांनी काढून घ्यायची, घोडी झिजली की बदलायची, खुंट्या बदलायच्या, तारा तर बदलायच्याच. आज त्या तंबोऱ्याची मूळची घोडी नाही, मूळच्या खुंट्याही नाहीत. पण भोपळा तोच आहे आणि दांडी तीच आहे. कोणी हौशी गृहस्थ भोपळ्याला भोक पाडून आत ध्वनिवर्धक बसवा म्हणून आला, तर तो कारागीर त्याला नवा तंबोरा घ्यायला सांगतो. जुन्यात ते बसवण्याचे कसब त्याच्या हातात आहे, तरी तो बसवत नाही.

नातवाने अर्थातच विचारले की पान्याने बसणाऱ्या सुधारणांनी होणार काय? तर पुष्कळ होते, आणि ते कसे हे सांगण्यात मी जरा जागा खाणार आहे, कारण अशा गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना ते उपयोगी पडेल.

आधी पाटे खाली उतरवून सुटे करावेत. ह्या गाडीचे पाटे उतरवले तेव्हा दिसले की डाव्या बाजूच्या पाट्याची कमान जवळजवळ सपाट झालेली होती, उजव्याची बरीच शाबूत. मालक वर्षानुवर्षे डावीकडे बसून गाडी चालवत, त्याचाही ह्यात वाटा असावा. पट्ट्यांमध्ये गंजाचे पापुद्रे इतके की त्या एकमेकींवर सरकतच नव्हत्या. पाट्यांचा सारा गुण त्या सरकण्यात असतो. सरकल्या नाहीत की सहा पट्ट्यांचा एक जाड लोखंडी सळई होतो, आणि मग मागे बसलेल्याच्या मणक्याला प्रत्येक खडा कळतो. पट्ट्या घासून साफ कराव्यात, मधल्या भोकापाशी तडा आहे का ते भिंग लावून पाहावे, कारण पाटा बहुधा तिथेच तुटतो. टोकांमध्ये घसरती चकती घालून पुन्हा बांधावेत.

उतरलेली कमान परत द्यावी, पण इथे सावध राहिले पाहिजे. रस्त्याकडेच्या कित्येक ठिकाणी पाटा गॅसच्या जाळाने लाल करतात, ठोकून वाकवतात आणि तसाच हवेवर सोडून देतात. दिसायला कमान सुंदर येते. दोन महिन्यांत ती पुन्हा बसते, कारण लाल केल्याबरोबर पोलादाचे पाणी उतरलेले असते. कमान द्यायची तर एक तर थंड पाटा दाबयंत्रावर थोडा थोडा वाकवत आणावा, नाही तर भट्टीत सबंध तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताच्या आचेवर मऊ करून रीतसर पाणी द्यावे. शिकलगार हेच करीत. हे ज्याला येते त्याच्याकडेच पाटे द्यावेत, नाही तर नव्या पट्ट्या घालाव्यात. आपल्याकडे आणखी एक वाईट खोड आहे, ती म्हणजे जादा पाटा टाकण्याची. मालमोटारीला ते ठीक आहे. बसक्या गाडीला एक पट्टी वाढवली की मागचा भाग उंच होतो, रिकामी गाडी उड्या मारते, आणि मालक म्हणतो की पाटे मजबूत झाले.

मग डोळ्यांतले बुश. ते रबराचे असतात, आणि ह्या गाडीतल्या रबराचा केव्हाच डांबरासारखा लगदा झालेला होता. गाडीचा मागचा भाग उशिरा येतो अशी जी नातवाची तक्रार, तिचा मोठा हिस्सा माझ्या समजुतीने ह्या सहा बोटभर लांब वस्तूंमध्ये होता. हल्ली पॉलियुरेथेनचे कडक बुश मिळतात. त्यांनी गाडी जास्त नेमकी वळते, पण आवाज आणि कंप आत येतो. मी रबराच्या बाजूने मत दिले. इथे मी तंबोऱ्याच्या हिताने बोलत होतो हे कबूल करतो. नातू कडक बुशांच्या बाजूचा आहे. तो प्रश्न त्याच्यावर सोपवला आहे, कारण बुश उद्या बदलता येतात.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर नवे, चांगले आणि गाडीच्या वजनाला बेतलेले घालावेत. सबंध कामात पैशाच्या मानाने सर्वांत अधिक गुण हाच देतो. पाटा धक्का सोसतो खरा, पण सोसल्यावर त्याला थांबवणारे कोणी लागते. तबलजी समेवर हात थांबवतो तसे. यापुढेही हौस असेल तर पाट्याच्या पुढच्या भागाखाली यू-बोल्टांतच आवळून बसणाऱ्या दांड्या मिळतात. आसाने नाक वर केले की त्या पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली टेकतात आणि नागमोडी वळू देत नाहीत. पिळाचा कोन थोडा बदलायचा असेल तर आस आणि पाटा ह्यांच्या मध्ये धातूची पाचर घालता येते. मागे एक आडवा रोल-बार लावता येतो, त्याने गाडी वळणावर कमी कलते. ह्यांतले एकही काम कायमचे नाही.

आणि मागचा भाग सुधारण्यापूर्वी पुढे पाहावे, असे मी नातवाला म्हणालो तेव्हा तो हसला, पण त्याला ते पटले. ह्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. वळणावर आजच्यापेक्षा वीस किलोमीटर वेगाने जाणारी पण तितक्याच अंतरात थांबणारी गाडी मुलाबाळांसाठी सुरक्षित झाली, असे कसे म्हणावे? मागच्या पाट्यांवर लाखांनी खर्च आणि टायर आठ वर्षांचे जुने, असाही एक प्रकार मी कॅम्पात शेजारच्याच गाडीत पाहिला. मालकाने मोठ्या अभिमानाने दाखवला.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८, त्याचे ५२ वे कलम, मूळ कारखानदाराने नोंदवलेल्या स्वरूपात फरक पडेल असा बदल मालकाने करू नये असे म्हणते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका केरळच्या प्रकरणात ते कलम कडकपणे वाचले. झिजलेल्या भागाच्या जागी तसाच भाग घालणे निराळे, आणि अंग कापून नवी घडण देणे निराळे. पण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे आहेत ते जुलै २०२१ चे नियम. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली गाडी आता ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, फेरनोंदणीला ५,००० रुपये, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अट एकच, पण पक्की: गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, अंगाचा सांगाडा किंवा इंजिन ह्यांत भरीव फेरफार झालेला नसावा. म्हणजे पाटे, बुश, शॉक बदललेली डार्ट ह्या नोंदणीच्या दारात उभी राहू शकते. पत्रा कापून तुळई घातलेली डार्ट राहू शकणार नाही. उलट बाजूही लपवीत नाही. व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती असल्या कामांपुरतीच ती बाहेर काढायची असते. नातवाला बायकामुलांना घेऊन आंबोलीला जायचे असेल तर ही नोंदणी त्याला सोयीची नाही, आणि त्याने ती करूच नये असेही मला एकदा वाटून गेले. पण त्याच्या मुलाला पुढे ती करावीशी वाटली तर? आज कापले तर तो रस्ता त्या पोरासाठी बंद होतो. पोर तीन वर्षांचे आहे. त्याला अजून कोणी विचारलेले नाही.

दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा गर्दी गाडी पाहायला पुढे सरकते. ती गाडी वर्षातून थोडेच चालते, म्हणून तिचे उदाहरण निपाणीच्या गाडीला लागू करू नका, असे मला एकाने सुनावले. बरोबर आहे. तसे मी करीतही नाही. एक टोक देवघराचे आणि एक टोक शर्यतीचे. ह्या दोहोंच्या मध्ये चालणाऱ्या गाड्यांविषयी मी बोलतो आहे. आणि सर्वच गाड्यांना हा नियम लावावा असाही माझा हट्ट नाही. कॉन्टेसाला आपल्याकडची मसल कार म्हणतात. तिला मागे मुळात पाटे नाहीतच, गुंडाळी-स्प्रिंगाच आहेत, आणि १९८४ पासून २००२ पर्यंत त्या गाड्या निघाल्या, तेव्हा एखाद्या तरुणाने तिच्यावर आपली हौस भागवली तर मी डोळेझाक करीन. एखाद्या गाडीचे अंगच गंजून चाळण झाले असेल, पाट्याचा पुढचा डोळा धरायला पत्राच उरला नसेल, तर तिथे कापल्यावाचून गत्यंतर नाही; मग नवीन जे घालायचे ते आजच्या ज्ञानाने घालावे. ह्या डार्टचे तसे नाही. मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिले. चारही ठिकाणी आवाज भरीव आला, आणि तो आवाज मीही ऐकला. आवाजाच्या बाबतीत माझा शब्द त्या गॅरेजात मानतात.

घरातल्या वडीलमाणसांनाही मला थोडे बोलायचे आहे. ‘मूळचे आहे तसेच राहू द्या’ असे म्हणून गाडी पुन्हा ताडपत्रीखाली घालणे हा काही उपाय नव्हे. पाटे गंजत आहेत ते त्या ताडपत्रीखालीच. नातवाने हौस केली नसती तर ह्या वर्षी कोणीही ते पाटे उतरवून पाहिले नसते, आणि डाव्या पाट्याच्या मधल्या भोकाशी सुरू झालेला तडा एखाद्या दिवशी घाटात पुरा झाला असता. त्याला खर्च करू द्यावा. फक्त तो खर्च कुठे थांबावा एवढेच त्याच्याशी बोलावे, आणि बोलताना ‘आमच्या वेळी’ हे शब्द वापरू नयेत. ते ऐकले की ह्या पिढीचे कान बंद होतात. शिकवणीत मी रोज पाहतो.

अमेरिकेहून येणारा सरंजाम अजून मागवलेला नाही. तूर्त मुंबईहून रबराचे बुश आणि शॉक येणार आहेत, पट्ट्यांना बेळगावातच पाणी द्यायचे ठरले आहे. जोडणीच्या वेळी मिस्त्री एका गोष्टीवर अडून बसतात, ती ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी लक्षात ठेवावी. यू-बोल्ट जुने पुन्हा वापरायचे नाहीत. पुढच्या डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते हाताने लावायचे. गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन पाट्यांवर पडल्यानंतरच ते आवळायचे, नाही तर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेल्या अवस्थेत राहते आणि वर्षभरात फाटते. मग चारपाचशे किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यायचे. निपाणीहून बेळगावला दोनतीनदा जाऊन येण्यात एवढे अंतर होते, आणि वाटेत तवंदीचा घाट आहेच.